चोर गिझरमध्ये, फाशी चार्जरला

वीजबिल आलं की घरात पहिला आवाज चढतो तो चार्जरवरून. "पिन तशीच खोचून ठेवली होती!" दुसरा चढतो बाथरूमच्या दिव्यावरून. बोलणी खातं कोण? दिवसभर घरात असणारी बाई, नाहीतर रात्री जागून अभ्यास करणारं पोर. हा अन्याय आहे, आणि हिशेबालाही तो धरून नाही.

९ वॅटचा एलईडी दिवा रोज पाच तास लावला तर महिन्याला दीड युनिटसुद्धा होत नाही. मोबाइल रोज पूर्ण चार्ज केला तरी महिन्याचा खर्च अर्ध्या युनिटाच्या आसपास. नुसता भिंतीत लटकणारा चार्जर तर त्याच्याही कितीतरी खाली. आता गिझर घ्या. वीस लिटरची एक बादली वीस अंशांनी तापवायला जवळजवळ अर्धं युनिट लागतं. हा पाण्याचा गुणधर्म आहे, कुठल्याही कंपनीचा गिझर आणा, त्यातून सुटका नाही. चार माणसांच्या चार बादल्या म्हणजे रोजचे दोन युनिट, महिन्याचे साठ. थंडीत टाकीतलं पाणी अधिक गार, म्हणजे आकडा अधिक वर. साठ युनिट खाणारा भिंतीवर टांगलेला असतो आणि भांडण होतं दीड युनिटाच्या दिव्यावरून.

दिव्यांची लढाई आपण केव्हाच जिंकली आहे. जानेवारी २०१५ मध्ये उजाला योजना आली, एलईडी स्वस्त झाले, ६० वॅटच्या पिवळ्या बल्बच्या जागी ९ वॅटचा दिवा बसला. इतकी सरळ आणि इतकी यशस्वी सरकारी योजना मला चटकन दुसरी आठवत नाही. सल्ले मात्र अजून साठ वॅटच्या जमान्यातलेच दिले जातात.

आता बिलाचा कागद वाचू. महावितरणच्या घरगुती ग्राहकाला पहिल्या १०० युनिटांना एक दर, १०१ ते ३०० ला दुसरा, ३०१ ते ५०० ला तिसरा आणि त्यापुढे चौथा. पहिल्या टप्प्यातून दुसऱ्यात गेलं की वीज आकार दुपटीच्याही वर जातो. "शंभराच्या वर एक युनिट गेलं की सगळंच बिल वाढीव दराने लागतं," असं छातीठोकपणे सांगणारे प्रत्येक सोसायटीत असतात. तसं मुळीच नाही. पहिले शंभर स्वस्तच राहतात, महाग होतं ते एकशे एकावं. याचा उपयोग असा, की वाचवलेलं युनिट नेहमी तुमच्या सगळ्यात महागड्या टप्प्यातून वजा होतं. ३२० युनिट वापरणाऱ्या घराने साठ वाचवले, तर तिसऱ्या टप्प्यातले वीस आणि दुसऱ्यातले चाळीस वाचले. शिवाय त्यावरचा वहन आकार वाचला, १६ टक्के वीज शुल्क वाचलं. स्थिर आकार तेवढा हटत नाही, घराला कुलूप असलं तरी तो लागतोच.

उन्हाळ्यात जास्तीच्या सुरक्षा ठेवीचं वेगळं बिल हातात पडतं, त्यावरूनही दर वर्षी गदारोळ होतो. ती रक्कम तुमच्या सरासरी वापरावरून ठरते, जमा तुमच्याच नावावर राहते आणि तिच्यावर व्याज मिळतं. वापर उतरवला तर ठेवीची मागणीही उतरते.

मग घरातला खरा खादाड ओळखायचा कसा? त्यासाठी कुठलं यंत्र विकत आणायला नको, मीटर आहेच. त्याच्या तोंडावर बारीक अक्षरांत एक आकडा छापलेला असतो, बऱ्याच मीटरवर ३२००, काहींवर १६००. शेजारी एक छोटा लाल दिवा असतो. तो तितक्या वेळा लुकलुकला की एक युनिट झालं. रात्री जेवणं आटोपल्यावर फ्रिजसकट सगळी बटणं बंद करा, इन्व्हर्टरचंही करा, आणि टॉर्च घेऊन मीटरपाशी उभे राहा. दिवा तरीही लुकलुकत असेल तर वायरिंगमध्ये गळती आहे, किंवा जिन्यातला दिवा नाहीतर शेजारची एखादी वायर तुमच्या मीटरवर आहे. वायरमनला तेव्हाच बोलवा.

पूर्ण थांबला, तर एकेक वस्तू चालू करून मिनिटभर मोजा. ३२०० च्या मीटरवर ९ वॅटच्या दिव्याला दोन मिनिटांत एकदा लुकलुक होते. जुन्या पंख्याला मिनिटाला चारदा. दोन हजार वॅटच्या गिझरला मिनिटाला शंभराच्या वर, म्हणजे मोजता मोजता डोळे थकतात. घरातल्या सगळ्यांना एकदा तिथे नेऊन उभं करा. चार्जरवरून होणारं भांडण त्याच रात्री मिटेल.

आता पंखा. आपल्याकडे तो वर्षातले आठ-नऊ महिने फिरतो, म्हणून त्याच्याकडे नीट पाहायला हवं. जुना साधा पंखा ७५ वॅटच्या आसपास खातो, बीएलडीसी (ब्रशलेस) मोटरचा तिसाच्या आसपास. रोज बारा तास धरले तर एका पंख्यामागे महिन्याला सोळा युनिट वाचतात. चार पंख्यांच्या घरात साठाच्या वर, म्हणजे गिझरइतकेच. अडीच-तीन हजारांचा पंखा, दुसऱ्या-तिसऱ्या टप्प्यातल्या घरात, साधारण दोन वर्षांत आपली किंमत फेडतो. सगळे एकदम बदलायची गरज नाही. जिथे सगळ्यात जास्त वेळ माणूस बसतं, त्या खोलीपासून सुरुवात करा. हॉलमधला आधी बदलतात, कारण तो पाहुण्यांना दिसतो. आजी जिथे दिवसभर पडून असते तिथला बदलायला हवा. छताच्या पंख्यांवर स्टार लेबल १ जानेवारी २०२३ पासून सक्तीचं आहे, घेताना ते पाहा.

फ्रिजच्या दारात कागदाची चिठ्ठी अडकवा आणि ओढा. सहज सरकली तर रबर गेलं, शे-पाचशेत बदलून मिळतं. लेबलवर किती तारे आहेत त्याआधी वर्षाला किती युनिट लिहिलेत ते वाचा. ताऱ्यांचे निकष मधून मधून कडक होतात, जुना पंचतारांकित फ्रिज आजचा पंचतारांकित राहत नाही. एसी चोवीसवर ठेवा आणि जोडीला पंखा लावा. एक अंश वर नेला की सुमारे ६ टक्के वीज वाचते, असं ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच सांगतो. सेटटॉप बॉक्स रिमोटने पूर्ण बंद होत नाही, भिंतीवरचं बटण दाबा.

वेळेनुसार वापर मोजणाऱ्या नव्या टीओडी मीटरवर सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापराला जुलै २०२५ पासून सवलत आहे, युनिटमागे ८० पैशांपासून. निवृत्तांना आणि घरून काम करणाऱ्यांना हे सोयीचं आहे. धुणं, इस्त्री, पंप या वेळेत उरकावं. पण सकाळी आठला लोकल पकडून रात्री आठला परतणाऱ्या जोडप्याच्या घराला नऊ ते पाच कुलूप असतं. सवलत ठरवताना त्यांचा विचार कुणी केला?

इथवरचं सगळं पक्क्या घरांसाठी झालं. माझा जीव अडकतो तो पत्र्याच्या खोलीत.

चंद्रपूर, नागपूर, अकोला. मे महिन्यात पारा पंचेचाळीस ओलांडतो. पत्र्याखाली पंखा लावला की तापलेली हवाच अंगावर येते. भिंतीला हात लावला तरी चटका बसतो, पाण्याची घागर सावलीत असून कोमट होते, तान्ह्या बाळाला ओल्या पंचात गुंडाळावं लागतं. कूलर दीड-दोनशे वॅटचा, एसीच्या मानाने काहीच नाही, पण तो दिवसरात्र चालवावा लागतो आणि पाणी भरायला नळाला पाणी असावं लागतं. अशा घराला "वीज जपून वापरा" म्हणायचं तर आधी छप्पर थंड करून द्या.

ते होऊ शकतं, आणि स्वस्तात होतं. पत्र्यावर किंवा स्लॅबवर पांढऱ्या चुन्याचे दोन हात दिले, त्यात धरून ठेवायला थोडा डिंक नाहीतर फेव्हिकॉल घातला, तर ऊन बरंचसं परत फेकलं जातं आणि खोली दोन ते पाच अंशांनी उतरते. होळीच्या सुमारास मारायचा, पावसात धुपला की पुढल्या वर्षी पुन्हा. एक गोष्ट सांभाळा. सिमेंटच्या जुन्या पत्र्यात अ‍ॅस्बेस्टॉस असतो, तो कोरडा खरवडायचा नाही, आणि त्याच्यावर पाय देऊन चढायचंही नाही. तो फुटतो आणि माणूस खाली येतो.

अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णतेचा कृती आराखडा केला आणि पुढे वस्त्यांमधली छपरं पांढरी करायला घेतली. तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छपरांचं धोरणच जाहीर केलं. विदर्भातल्या आणि मराठवाड्यातल्या नगरपालिकांनी मार्चच्या आत चुन्याची पोती वस्तीत पोचवली, तर तो अनुदानातला सगळ्यात सार्थकी लागलेला पैसा ठरेल. हे काम महिला बचत गटांना द्या. मजुरीही वस्तीतच राहील.

अनुदानाचंच बघू. फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्य घर योजना आली. छतावर १ किलोवॅट सौर यंत्रणा बसवली तर ३०,००० रुपये, २ किलोवॅटला ६०,०००, ३ आणि त्यापुढे ७८,०००. एक किलोवॅट महिन्याला साधारण १२० युनिट देतो. ज्याचं स्वतःचं छत आहे आणि ज्याचा वापर तीनशेच्या पुढे आहे, त्याने आता थांबू नये. वरचे महाग टप्पेच पुसले जातात. सोसायट्यांना सामाईक वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० मिळतात, लिफ्ट आणि पंपाचं बिल त्यातून उतरतं. हा विषय पुढच्या वार्षिक सभेत पार्किंगच्या भांडणाआधी घ्या. पार्किंग निघालं की सभा तिथेच संपते.

पण अनुदान खात्यात येतं यंत्रणा बसल्यावर. तोवर पैसे स्वतःचे नाहीतर कर्जाचे. राज्याने २०२५ मध्ये महिना शंभर युनिटांच्या आत वापर असलेल्यांसाठी वेगळी मदत जोडली, दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला एका किलोवॅटसाठी २,५०० रुपयेच घालावे लागतात. पाऊल चांगलं आहे, मनापासून स्वागत. तरी छत हवंच. स्वतःच्या नावावरचं, पॅनेलचं वजन पेलणारं, सावली नसलेलं. पत्र्याची खोली इथेही बाहेर राहते.

आणि पूर्णपणे बाहेर राहतो तो भाडेकरू. छत त्याचं नाही, गिझर त्याचा नाही, वायरिंग त्याचं नाही, पुष्कळदा मीटरही त्याचा नाही. चार खोल्या, चार बिऱ्हाडं, मीटर एक. प्रत्येकाचा वापर ८० युनिट, म्हणजे काटकसरीचा. मीटर मात्र ३२० दाखवतो. त्यातले शंभर स्वस्त, दोनशे दुपटीने आणि वीस त्याहून महाग. चौघांचे मीटर वेगळे असते तर तीनशे वीसच्या तीनशे वीस पहिल्या टप्प्यात बसले असते. स्थिर आकार चार लागले असते हे कबूल, तरी चौघं मिळून फायद्यातच राहिले असते. गरिबाने काटकसर केली, आणि स्वस्त टप्पा त्याच्या हातून एका सामाईक मीटरने काढून घेतला. वर घरमालक सबमीटर लावून सगळ्यांना एकच चढा दर लावतो ते वेगळंच. पुण्यात शिकायला आलेल्या मुलांना विचारा, पिंपरीच्या कामगारांना विचारा.

वीज कायदा २००३ चं कलम ४३ सांगतं, की मालकाने किंवा भोगवटादाराने अर्ज केला तर वीजपुरवठा देणं हे वितरण कंपनीचं कर्तव्य आहे. म्हणजे कायद्याने भाडेकरूला दार उघडं ठेवलंय. प्रत्यक्षात मालकाच्या संमतीपाशी अर्ज अडतो, आणि मालक संमती द्यायला तयार नसतो, कारण मीटर दुसऱ्याच्या नावावर गेला की जागाही जाईल अशी त्याला भीती असते. ही भीती घालवता येते. नोंदणीकृत भाडेकरार पुरेसा माना, जोडणी कराराच्या मुदतीपुरती द्या, मीटरवरून जागेचा हक्क सिद्ध होत नाही असं बिलावरच छापा. वीज नियामक आयोगाच्या दरवाढीच्या सुनावण्यांना कारखानदार येतात, व्यापारी येतात, ग्राहक संघटना येतात. भाडेकरूचा वेगळा मीटर ही मागणी तिथे लेखी गेली पाहिजे. सूचना-हरकत कोणालाही देता येते, वकील लागत नाही.