डी ड्राइव्हचा सातबारा

१४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट थांबवला आणि गल्लोगल्लीच्या कॉम्प्युटरवाल्यांची दिवाळी त्या वर्षी जरा लवकरच आली. ‘नवी एसएसडी टाकून देतो काका, त्यावर ताजं विंडोज ११. जुनी डिस्क डेटाला जोडतो, तिला हातसुद्धा लावत नाही.’ आणि खरंच लावत नाहीत. मशीन घरी येतं, भुर्रकन सुरू होतं. काका कौतुकाने जुन्या डिस्कवरच्या यूझर्समधलं स्वतःच्या नावाचं फोल्डर उघडायला जातात. पाटी झळकते: या फोल्डरमध्ये जाण्याची तुम्हाला परवानगी नाही.

फोल्डरवर नाव काकांचं, आत फोटो काकांच्या लेकीच्या लग्नाचे. नवं विंडोज विचारतं, कोण काका?

कारण विंडोज माणसाला नावाने ओळखतच नाही. प्रत्येक खात्याला ते एक लांबलचक आकडा देतं, एस-१-५-२१ असा सुरू होणारा, आणि फोल्डरच्या परवान्यांत तो आकडा लिहिलेला असतो. विंडोज कोरं टाकलं की आकडा नवा. नाव तेच ठेवा, पासवर्ड तोच ठेवा, त्याच ईमेलने साइन-इन करा, काका तरीही उपरेच. सिक्युरिटीच्या टॅबमध्ये जुने काका ‘अकाउंट अननोन’ म्हणून बसलेले दिसतात. जुन्या विंडोजवरच सरळ अपग्रेड केलं असतं तर आकडा टिकला असता आणि ही वेळ बहुधा आली नसती. पण सरळ अपग्रेड करून देण्यात दुकानदाराला काय मिळणार?

पाटीवरचं ‘कंटिन्यू’ दाबून पुष्कळदा काम भागतं. वरच्या पट्टीत हिरवी रेघ सरकत राहते, फायली हजारोंनी असल्या तर चहा होतो, पिऊन होतो. नाही भागलं, तर ‘टेकओन’ नावाची कमांड आहे. ती मारून लोक फोल्डरचे मालक होतात, आनंदाने डबलक्लिक करतात आणि पुन्हा तीच पाटी बघून कपाळाला हात लावतात. सातबाऱ्यावर नाव चढलं म्हणून शेतात पाय ठेवता येतोच असं नाही, हे भाऊबंदकी पाहिलेल्या माणसाला सांगायला नको. मालकाला परवाने बदलायचा हक्क मिळतो, एवढंच. आत जायचा परवाना ‘आयकॅकल्स’ने वेगळा द्यावा लागतो. दोन कमांडी, त्याही त्या एकाच फोल्डरपुरत्या. संपलं काम.

इथे संपवेल तो आपला माणूस कसला! व्हॉट्सअ‍ॅपवर भाचा सांगतो, ‘मामा, कटकटच नको. अख्ख्या सी ड्राइव्हला एव्हरीवन, फुल कंट्रोल, आणि खालचे सगळे परवाने बदला या चौकटीत टिक.’ सी ड्राइव्हवरच्या विंडोजच्या बहुतेक फायलींचा मालक व्हिस्टापासून ‘ट्रस्टेडइन्स्टॉलर’ आहे, खुद्द अ‍ॅडमिनिस्ट्रेटरही नाही. हे वाचून मामांचा स्वाभिमान दुखावतो. पैसे मी मोजले आणि मालक हा कोण? मग टिक होते, आणि स्टोअरमधल्या अ‍ॅप्सचे परवाने त्या झाडूत निघून गेले तर स्टार्ट मेनूही उघडेनासा होतो. लिनक्सवाल्यांनी गालात हसू नये. त्यांच्याकडे याच आजारावर सगळ्यांना सगळे परवाने देणाऱ्या ७७७चा अंगारा असतो. दूरच्या मशीनमध्ये शिरायच्या त्यांच्या एसएसएचला मात्र तो चालत नाही. खासगी किल्ली इतरांना वाचता येत असेल तर ते ती किल्ली हातात घ्यायलाच नकार देतं. शहाणं आहे.

सगळ्यात मौज ‘डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज’ची. त्याला दारच नाही, तरी लोक धडका मारतात. व्हिस्टापासून ते फोल्डर नाहीच, जुन्या प्रोग्रॅमना यूझर्सकडे वळवणारा नुसता बाण आहे, आणि त्यातली यादी कोणी पाहू नये म्हणून नकार मुद्दाम लावलेला आहे. प्रोफाइलच्या आत ‘अ‍ॅप्लिकेशन डेटा’ नावाचा असाच एक बाण आहे, तो तर ज्या फोल्डरात बसलाय त्याच फोल्डराकडे वळतो. जिद्दी माणूस त्याच्यावरचाही नकार काढतो, विजयी मुद्रेने सगळं पेनड्राइव्हवर कॉपीला लावतो आणि झोपायला जातो. कॉपी चालू राहते: अ‍ॅप्लिकेशन डेटा, त्यात अ‍ॅप्लिकेशन डेटा, त्यात अ‍ॅप्लिकेशन डेटा, पत्ता विंडोजलाही झेपेनासा होईपर्यंत.