आदर्श विमानतळ

पुण्याच्या लोहगाव विमानतळाच्या नव्या टर्मिनलचे उद्घाटन १० मार्च २०२४ रोजी झाले. प्रवाशांना आत घेतले १४ जुलैला. मधल्या चार महिन्यांबद्दल संबंधितांचा जाहीर सत्कार व्हायला हवा. इमारत लखलखीत, रांग नाही, बॅग हरवली नाही, चहाच्या दरावरून एकही चकमक नाही. मग प्रवासी आले आणि सगळे विस्कटले. आता हेच लोक कॅबसाठी एरोमॉल या वाहनतळापर्यंत सामान ओढतात आणि वर कुरकुरतात. (धावपट्टी हवाई दलाची; पाहुण्याने फार बोलू नये, हे पुण्यात सांगावे लागते!) आमची नम्र सूचना एवढीच, की आराखड्यातून प्रवासी ही बाबच वगळावी. पुरंदरचा विमानतळ २०१६ साली जाहीर झाला. तिथून आजवर एकही विमान उशिरा सुटलेले नाही.