दूधवाल्यालाही कळलं नाही

काय करून राहिल्या वहिनी? या ना जरा भिंतीपाशी. बिबडे वाळतील आपोआप.

सकाळी आमच्याकडच्या कुकरच्या शिट्ट्या ऐकल्या ना? व माय, कुकर गॅसवर नव्हताच! नणंदेचा पोरगा आलाय अमळनेरहून, त्याचे उद्योग. मी पूजा टाकून गॅस बंद करायला धावले, तर हा ओट्यापाशी उभा. आधी दातांतून बारीक वाफ सोडतो, मग जीभ टाळूला लावून एकदम शिट्टी. वरून झाकणाची खडखड पण! एस.टी. घाट चढते तो आवाज तर माइक ओठाला चिकटवून घशातून काढतो. म्हणतो, "मामी, माइक लांब धरला तर नुसता खोकला वाटतो, जवळ धरला की इंजिन."

नणंदबाई रडकुंडीला. पोरगं माकडचाळे करतं म्हणे. म्हटलं, बाई, सुदेश भोसले माहीत आहे का? १९९१ ला 'हम' लागला, तेव्हा गल्लोगल्ली 'जुम्मा चुम्मा' वाजायचं. जो तो म्हणे, काय गातो बच्चन! अहो, बच्चन कुठला गातो? गळा आपल्या सुदेश भोसल्याचा. त्याचे वडील सिनेमाची पोस्टरं रंगवायचे, आधी हाही तेच करायचा. बापानं चेहरे हुबेहूब काढले, पोरानं आवाज.

आणि संजीव कुमार ८५ साली गेला, तेव्हा त्याचा 'प्रोफेसर की पडोसन' अर्धवट राहिला होता. पुढं ९३ ला लागला, त्यात संजीव कुमारचा आवाज ह्या सुदेशनंच भरला. गेलेल्या माणसाला बोलतं केलं की हो! ह्याला माकडचाळे म्हणायचे?

आपल्या स्मिता पाटीलचंच बघा ना. शिवाजीराव गिरधर पाटलांची लेक, आपल्या शिरपूरची. ८६ च्या डिसेंबरात गेली. 'वारिस' त्यानंतर आला, ८८ ला. त्यात चेहरा स्मिताचा नि आवाज रेखाचा. रेखा मोठी नटी, तिला नावं ठेवायची आपली काय टाप! पण टीव्हीवर तो सिनेमा लागला की आमच्या सासूबाई उठूनच जायच्या. "तोंड आपली पोरनं शे, पन आवाज तिना नही." मला तर अजून वाटतं, तेव्हा एखादी नकलाकार बाई मिळायला हवी होती. नाव नसतं झालं तिचं, पण आमच्या सासूबाई पूर्ण सिनेमा बसल्या असत्या.

नणंदबाईंचं पालुपद एकच, पोट कसं भरेल? हे मात्र खरं. म्हणून त्याला मी लक्ष्मण देशपांड्यांचं सांगितलं. औरंगाबादला प्राध्यापकी करून 'वऱ्हाड निघालंय लंडनला' करायचे. एकटा माणूस नि बावन्न पात्रं! कॉलेज सोडू नको, म्हटलं. मान हलवली त्यानं. पण कोणाच्या आवाजात 'हो' म्हणाला, देव जाणे.

तुमच्या मुलीच्या हळदीला बोलवा त्याला. फक्त बच्चन करायला सांगू नका. तो केला की अमरीश पुरी निघतो.

आणि रागावणार नसाल तर सांगते. तुमचाही काढतो हं आवाज. तुम्ही दूधवाल्याशी भांडता ना, तो. कालच भिंतीआडून ओरडला, "माप नीट घाल रे!" आणि त्या भल्या माणसानं तुमच्या पातेल्यात पाव लिटर जास्त ओतलं. तरीच म्हटलं, काल तुमच्याकडं खरवसासारखा घट्ट चहा कसा काय!