तीनवर चार

रविवारी रात्री मुलीने वही पुढे केली. ‘बाबा, याला अतिसंक्षिप्त रूप द्यायचंय.’ सोळा छेद चौसष्ट.

जुनी जखम! शाळेत मी याच १६/६४ मधले वरचा-खालचा सहा उडवले होते. उत्तर आलं १/४, तेही बरोबर! त्या जोरावर पुढच्या १३/३६ मधले तीन उडवून १/६ लिहिलं. त्याला भागच जात नव्हता. बाईंनी मग माझे मार्क उडवले.

आजोबांना मात्र असली काटाकाट लागत नसे. रुपयाचे आणे सोळा, पैसे चौसष्ट. म्हणजे सोळा पैशांची पावली. संपलं गणित. १ एप्रिल १९५७ला दशमान नाणी आली आणि आण्यांचा हिशेब मागे पडला. पुढे ३० जून २०११पासून चार आण्याचं नाणंही चालेनासं झालं. आता आमच्या मुलुंडात पाव म्हटलं की आधी वडा आठवतो.

‘वर आणि खाली एकाच संख्येने भागायचं,’ मी मुलीला सांगितलं. ‘किंमत तीच राहते.’

‘मग भागायचं कशाला?’

‘जागा कमी लागते.’ उपनगरात राहणाऱ्या माणसाला याहून सबळ कारण सुचत नाही.

सोमवारी सकाळी स्लो लोकलमध्ये चौथी सीट मिळाली. समोरासमोरचे दोन बाक, जागा सहा, माणसं आठ. ८/६. दोनाने भागलं, ४/३. पुढे? युक्लिडने तेवीसशे वर्षांपूर्वी मसावि काढायची युक्ती सांगून ठेवली आहे : मोठ्या संख्येतून लहान वजा करत जा. चारातून तीन गेले, उरला एक. म्हणजे मसावि एक. आता कशानेही भाग जाणार नाही. चौथी सीट अतिसंक्षिप्त आहे, हा शोध मला भांडुप-कांजूरच्या दरम्यान लागला. उरलेला तो एक मीच होतो, हे कळायला युक्लिडची गरज नव्हती. माझा एक पाय पॅसेजमध्ये होता.

सारखी वाटणी केली तर प्रत्येकाला पाऊण सीट यायला हवी. पण खिडकीवाल्याचा पूर्णांक सुटत नाही, मधल्याची झोप सुटत नाही आणि तिसरा ‘सरकतोय ना’ म्हणत जागचा हलत नाही. चौथ्याने फक्त टेकायचं.

घाटकोपर आलं. मेट्रोवाले जितके उतरले त्याहून जास्त चढले. एक गृहस्थ नेमके माझ्या गुडघ्याशी येऊन उभे राहिले. माझ्या एवढ्याशा तुकड्यालाही वारस!

‘कुठे उतरणार?’ त्यांनी आशेने विचारलं.

‘लास्ट.’

त्यांचा चेहरा क्षणात अतिसंक्षिप्त झाला.