बांधावरचे मिस्त्री

दसऱ्याच्या आगेमागे केज-अंबाजोगाईकडच्या रानात पंजाबातले हार्वेस्टर उतरतात, तेव्हा प्रत्येक मशीनमागे चार माणसं असतात. ड्रायव्हर, त्याचा हेल्पर, शेताचा मालक आणि तात्या. पहिल्या तिघांचा पैशाशी संबंध असतो. तात्यांना कुणी बोलावलेलंच नसतं.

त्यांचं नाव कुठे आण्णा असतं, कुठे बापू. आपण तात्या म्हणू. पाना त्यांनी आयुष्यात धरलेला नाही. त्यांचं सगळं कसब कानात. दोन शिवारं पलीकडे हार्वेस्टरचा सूर जरा खाली बसला, की ते ताट सरकवून उठतात, "घास अडकला" एवढंच म्हणतात आणि चपला शोधायला लागतात. उरलेली भाकरी झाकून ठेवायची, हे घरात आता कुणाला सांगावं लागत नाही.

ते पोचेपर्यंत मशीन थांबलेलं असतं. पुढे कटर बारवर सोयाबीनचा ढीग, आत फीडर चेनमध्ये कोंबलेला गोळा, ड्रायव्हर पंजाबीत काहीतरी पुटपुटतोय आणि मालक आभाळाकडे बघतोय, कारण परतीच्या पावसाचा नेम नसतो. मशीनची मळणी बंद, आणि तात्या बांधावर बसून तळहातावर तंबाखूची चालू करतात.

निदान मशीनपासून सुरू करणं त्यांच्या तत्त्वात बसत नाही. ते जूनपासून सुरू होतं.

"पेरलं कवा?"

मालक सांगतो.

"वाण कंचं?"

"तीनशे पस्तीस."

"मंग बस बोंबलत. तिची खालची शेंग भुईला टेकलेली. परभणीवाल्यांनी 162 काय हौस म्हणून काढलं व्हय?"

पुढे तणनाशक कधी मारलं, मारलं तर पाणी कुठलं घेतलं, आणि मालकाच्या वडिलांनी हे रान कसं राखलं होतं, इथपर्यंत उलटतपासणी जाते. मशीन उभं. भाडं ठरलेलं एकरावर, म्हणून मालक निदान त्या बाबतीत निवांत. ड्रायव्हर मात्र दर मिनिटाला घड्याळ बघतो.

वैताग आणणारी गोष्ट ही, की तात्या बहुतेक वेळा बरोबर असतात. हार्वेस्टरच्या घशात अडकलेला घास बऱ्याचदा रानातूनच अडकून आलेला असतो. झाड बुटकं, शेंग खाली, म्हणून कटर बार जमिनीलगत उतरवावा लागतो. बालाघाटाच्या हलक्या रानात त्याच्याबरोबर माती आणि दगडगोटेही येतात. कापलेलं बुटकं झाड पात्यावरच पडून राहतं, मागच्या ऑगरच्या बोटांपर्यंत पोचतच नाही. ढीग साचतो, साचतो, आणि मग एकदम एकगठ्ठा आत जातो. ड्रम "धप्प" करतो आणि इंजिनाचा श्वास कोंडतो. त्यात हिरवं गवत असेल, किंवा मालकाने घाईत सकाळी आठलाच दवात मशीन घातलं असेल, तर वातड झालेलं काड गुंडाळत जातं. यातलं अर्धं मॅन्युअलमध्ये सापडेल. मालकाने घाई का केली, हे मात्र तात्यांनाच ठाऊक असतं. दुपारी त्याला सासुरवाडीला जायचं असतं.

मग ड्रायव्हरशी बोलणी. बीड 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होतं, त्यामुळे हिंदी आपल्या घरचीच, असा तात्यांचा ठाम समज.

"पाजी, तुमारी रील लई आगे है. पीछे घेव. थोडी नीचे. झाड को ढकलो मत, बुलाव!"

पाजी पटियाळ्याकडचा, नाभा-भादसोंला कंबाइन बनताना बघत वाढलेला. त्याला कंबाइन शिकवणं हा खरं तर उद्धटपणा आहे. पण रील मागे घेतली, वेग गाडीच्या चालीपेक्षा थोडाच जास्त ठेवला, की झाडं खरोखर वाकून ऑगरकडे जातात आणि शेंगाही कमी फुटतात. पाजी ते करतो. तात्यांनी सांगितलं म्हणून नव्हे, असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं असतं.

एवढ्यात मालकाचा पुतण्या मोबाईल घेऊन येतो. त्याने व्हिडिओ बघितलेला असतो: ड्रमचा वेग वाढवायचा, घास आपोआप निघतो. तात्या तंबाखू थुंकतात.

"मपलं ऐक. वेग वाढीव अन् घरी डाळ घेऊन जा. मंग पुढल्या साली पेर ती डाळ."

बियाण्यासाठी मळायचं तर ड्रमचे फेरे मिनिटाला 350 ते 400 एवढेच ठेवा, हे मळणी यंत्रवाल्यांना दर हंगामात सांगितलं जातं. त्यापुढे दाणा फुटतो. पुतण्या मोबाईल खिशात घालतो, पण हरलेला नसतो. दहा वर्षांनी तोच बांधावर बसणार आहे.

तात्या ओरडतात ते एकाच प्रसंगी. हेल्पर पोरगा इंजिन चालू असताना फीडरमध्ये हात घालायला वाकला, की बांधावरचा हा निवांत माणूस ताडकन उभा राहतो. "आदी बंद कर! इंजन बंद! चावी काढ, पाजी!" शिव्या त्यानंतर, क्रमाने. हार्वेस्टर यायच्या आधी या भागात हडंबा, म्हणजे मळणी यंत्र, होता, आजही आहे; आणि त्याने मनगटापासून नेलेले हात तात्यांनी बघितलेत. घास टाकायचं तोंड लांब आणि वरून झाकलेलं हवं, यासाठी 1983 साली धोकादायक यंत्रांचा कायदा झाला, तरी हात जातच राहिले. या एका ओरडण्यासाठी मी त्यांची उरलेली सगळी बडबड माफ करतो. मालक करत नाही.

यावर्षी एक गोष्ट कळली. तात्यांचं स्वतःचं सोयाबीन हार्वेस्टरने कधीच निघालेलं नाही. ज्या जिल्ह्यातली माणसं कोयता घेऊन पार कर्नाटकापर्यंत ऊस तोडायला जातात, तिथे ऐन काढणीला मजूर मिळत नाही. तरी तात्या बाया शोधून, चढी मजुरी देऊन, विळ्याने कापून घेतात आणि गंजी लावतात. कारण विचारलं तर म्हणतात, "मशीनचं काय खरं नस्तं बाबा."

गंजी मळायला हडंबा आला. ताडपत्रीच्या भोकातून एका अंगाला पाणी उतरलेलं होतं. पहिली वीस-पंचवीस मिनिटं बरी गेली, मग ओला थर लागला आणि हडंब्याने घास धरला. ट्रॅक्टर बंद झाला. तात्या मशीनभोवती एक फेरी मारून वळले, तर शेजारच्या गावचे आण्णा बांधावर टेकलेले. चुन्याची डबी उघडून त्यांनी विचारलं,

"तात्या, गंजी लावली कवा?"

"तुला काय कळतंय रं मशीनमधलं?" तात्या म्हणाले. "ऊठ तिथनं. तुपल्या बायकोनं भाकरी झाकून ठिवली असंल."