दांडेलीच्या पाटीमागचं सुपा

गणेशगुडीला सकाळी काळी नदीच्या काठावर रबरी तराफे ओळीनं मांडलेले असतात. पोरं जाकिटं घालून, शिरस्त्राणं बांधून तयार असतात, पण पाण्यात कुणी उतरत नाही. वाट बघायची असते, ती वरच्या वीजघराची. सुपा धरणाच्या पायथ्याशी जनित्रं फिरली की पाणी सुटतं, पाणी सुटलं की खडकांवर फेस चढतो आणि पुण्या-बेळगावहून आलेली मंडळी किंचाळत खाली जातात. संध्याकाळी तोच व्हिडिओ मोबाईलवर येतो. खाली ओळ असते : दांडेलीची रानटी नदी.

तीन शब्दांत दोन चुका. नदी रानटी राहिलेली नाही, तिचं वेळापत्रक वीज ठरवते. आणि जागा दांडेली नाही. गणेशगुडी जोयडा तालुक्यात येतं आणि या तालुक्याचं जुनं नाव सुपा. (बारामतीकडचं सुपे किंवा नगरजवळचं सुपा वेगळं. हे कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातलं, गोव्याच्या सीमेला टेकलेलं.) पहिली चूक मी सोडून देईन. दुसरी सोडवत नाही, कारण ज्या गावावरून तालुक्याला नाव मिळालं, ते गाव त्या तराफ्यांच्या वर, धरणाच्या पाण्याखाली आहे.

सुपा हे काळी आणि पांढरी या नद्यांच्या संगमावरचं तालुक्याचं गाव. तिथे 101 मीटर उंचीचं धरण बांधायचं ठरलं. 1980 च्या दशकात पाणी चढलं, गाव आणि आसपासच्या वस्त्या बुडाल्या. तालुक्याचं ठाणं जोयड्याला गेलं, माणसं रामनगरला आणि इतरत्र वसवली गेली. धरणाशी 100 मेगावॅट वीज तयार होते आणि साठवलेलं पाणी पुढे नागझरीच्या मोठ्या वीजघरालाही पुरतं. ही वीज राज्यभर वापरली जाते. ती नको होती, असं मी म्हणत नाही. पण तिची किंमत कुणी मोजली, हे त्या पाण्याकडे बघणाऱ्याला कळायला हवं. आणि ते कळत नाही, कारण त्या पाण्याला आपण दिलेलं नाव ते कळू देत नाही.

पाटबंधाऱ्याच्या कचेरीत अशा पाण्याला फुगवटा म्हणतात. ज्यांची घरं त्यात गेली ते बुडीत म्हणतात. रिसॉर्टवाला बॅकवॉटर म्हणतो. चार पैसे जास्त घ्यायचे असतील तर लेक व्ह्यू. पाणी एकच. पण 'बुडीत' हा शब्द ऐकला की माणूस विचारतो, काय बुडालं? 'बॅकवॉटर' ऐकल्यावर तो विचारतो, खोली किती रुपयांना? शब्दानं प्रश्नच बदलून टाकला. बँकांनी मात्र कर्जाच्या बाबतीत 'बुडीत' हाच शब्द जपून ठेवलाय. पैसा गेला तर आपण मराठीत हळहळतो, गाव गेलं तर इंग्रजीत फोटो काढतो.

शंभरएक वर्षांपूर्वी लेव्ह कुलेशोव्ह या रशियन दिग्दर्शकानं एका नटाचा तोच निर्विकार चेहरा वेगवेगळ्या दृश्यांना जोडून दाखवला. एकदा जेवणाच्या ताटलीला, एकदा शवपेटीला. प्रेक्षकांना पहिल्या वेळी त्या चेहऱ्यावर भूक दिसली, दुसऱ्या वेळी दुःख. चेहरा तसूभरही हलला नव्हता. सुप्याचं पाणी हा तसाच चेहरा आहे. त्याच्या शेजारी काय जोडायचं ते आजवर जाहिरातवाल्यांनी ठरवलं. त्यांनी हॉर्नबिल पक्षी जोडला, काळा बिबट्या जोडला, शेकोटी आणि तंबू जोडले. गावाचं चावडीघर, बाजार, देवळाची पायरी कुणी जोडली नाही.

जोडता येतं, याचा पुरावा फार लांब नाही. सीमेपलीकडे गोव्यात सांगे तालुक्यातलं कुर्डी गाव साळावली धरणात असंच गेलं, त्याच दशकात. गायिका मोगूबाई कुर्डीकरांचं गाव. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की कुर्डीची जमीन वर येते आणि मे महिन्यात जुने गावकरी तिथे जमतात, पूजा करतात, चॅपेलचं फेस्त करतात, पडक्या चौथऱ्यावर उभे राहून नातवंडांना सांगतात की इथे आपली पडवी होती. तिथलं महादेवाचं प्राचीन देऊळ दगड न् दगड उतरवून दुसरीकडे पुन्हा उभारलं गेलं. सौम्यानंद साही यांनी 2016 मध्ये 'रिमेम्बरिंग कुर्डी' हा माहितीपट केला. परिणाम असा, की आज कुर्डीला जाणारा परका माणूससुद्धा पाऊल जपून टाकतो. आपण कुणाच्या तरी घरात उभे आहोत हे त्याला ठाऊक असतं. कुर्डीचं दुःख सुप्याच्या दुःखापेक्षा मोठं नाही. कुर्डीची गोष्ट कुर्डीकरांनी स्वतः सांगितली, एवढाच फरक. आणि हा फरक फार मोठा आहे.

आपल्या महाराष्ट्रानंही या बाबतीत मान वर करू नये. 1921 साली मुळशी पेट्यातल्या शेतकऱ्यांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. त्या लढ्यानं पांडुरंग महादेव बापटांना सेनापती केलं. आज मुळशी म्हटल्यावर पुणेकराच्या डोळ्यांपुढे शनिवार-रविवार, मक्याचं कणीस आणि तळ्याकाठचा बंगला येतो. ज्याच्याविरुद्ध सत्याग्रह घडला ते पाणी तेच आहे. शंभर वर्षांत मथळा बदलला.

सुप्याबद्दल मराठी माणसाचा एक खास अपराध आहे. सीमाप्रश्नात महाराष्ट्रानं कारवार आणि हल्याळबरोबर सुप्यावरही दावा सांगितला. महाजन आयोगानं 1967 मध्ये ते म्हैसूरकडेच ठेवलं. आपण ते मानलं नाही आणि 2004 साली सर्वोच्च न्यायालयात गेलो. इतकं आपलं मानलेलं हे गाव पाण्याखाली जात होतं तेव्हा आपल्याकडे किती शोकसभा झाल्या? आपण सुप्याकडे यादीतल्या एका नावासारखं पाहिलं. नकाशावर त्याचा रंग कोणता असावा यावर भांडलो आणि नकाशावरून ते पुसलं गेलं तेव्हा गप्प बसलो. घरात कोकणी बोलणाऱ्या, शाळेत कन्नड किंवा मराठी शिकणाऱ्या तिथल्या माणसांना आपण कधी विचारलंच नाही, की तुम्ही स्वतःला काय म्हणवता.

म्हणवण्यानं काय होतं, हे जोयड्याच्या कुणब्यांना विचारा. गोव्यात कुणबी, गावडा आणि वेळीप यांचा 2003 मध्ये अनुसूचित जमातींच्या यादीत समावेश झाला. जोयड्यातले कुणबी त्याच रानाचे, त्याच भाषेचे. मध्ये राज्याची रेघ आली आणि ते त्या यादीबाहेर राहिले. वर्षानुवर्षं ते ही मागणी करत आहेत. याच समाजाची चौकड्यांची साडी वेंडेल रॉड्रिक्स या गोमंतकीय डिझायनरनं विणकरांकडून पुन्हा विणवून घेतली आणि दिल्लीच्या फॅशन मंचावर नेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. चांगलंच झालं, एक कापड मरता मरता वाचलं. पण त्या टाळ्या वाजवणाऱ्याला तीच साडी नेसून डोक्यावर कंदांची टोपली घेतलेली म्हातारी जोयड्याच्या रस्त्यावर दिसली, तर तो गाडीची काच खाली करेल का?

त्या कंदांचंही तसंच. जोयड्यात कुणब्यांचा कंदमुळांचा मेळा भरतो. केळीच्या पानावर मुडलीचे भलेमोठे कंद मांडलेले असतात, शहरातून आलेले लोक फोटो काढतात, पिशव्या भरून नेतात. आजवर ज्याला गरिबाचं पोटभरीचं म्हणून हिणवलं, त्याला आता आरोग्याचं अन्न म्हणतात. मला या मेळ्याबद्दल आदर वाटतो, कारण इथे मांडणी करणारे हात पिकवणाऱ्यांचेच आहेत. बाई स्वतः सांगते, हा कंद असा लावायचा, असा शिजवायचा. पाहणारा आपोआप ऐकणारा होतो. सगळ्या मांडणीत मला हाच एक निकष दिसतो : बोलतंय कोण?

तराफा चालवणाऱ्या पोरांवर माझा राग नाही. त्यातली बरीच आसपासच्या गावांतली आहेत, त्यांची चूल त्यावर पेटते. घरगुती मुक्कामाची सोय करणारा आपल्याच अंगणातल्या पाटीवर दांडेली लिहितो, कारण जोयडा शोधत कुणी येत नाही. आपलं गाव सांगायला दुसऱ्या गावाचं नाव उसनं घ्यावं लागतं, ही लाज त्याची नव्हे. न विचारता बुकिंग करणाऱ्या आपली आहे.

जात्यातले रडतात आणि सुपातले हसतात, असं आपण म्हणतो. इथे सुपाच आधी जात्यात गेलं. नंतर त्याच नदीवर कोडसळ्ळी झालं, कद्रा झालं, काठावर कैगाचं अणुवीज केंद्र आलं. प्रत्येक वेळी पुढच्या गावाला वाटलं, अजून आपली पाळी नाही. मागच्याची गोष्ट कुणी नीट मांडली असती, तर पुढच्यानं निदान प्रश्न तरी वेळेत विचारले असते.

नाव दुरुस्त करता येतं. इथल्या व्याघ्र प्रकल्पाला आधी दांडेली-अणशी म्हणत, 2015 मध्ये सरकारनं त्याचं नाव नदीवरून काळी व्याघ्र प्रकल्प केलं. एका आदेशानं झालं. मग गणेशगुडीला, जिथून तराफे सुटतात तिथे, एक फलक का लागू नये? त्यावर बुडालेल्या प्रत्येक गावाचं नाव, कन्नडमध्ये, कोकणीत, मराठीत. खर्च एका तंबूच्या दोन रात्रींच्या भाड्याहून फार नसेल. पर्यटन खात्यानं लावावा. त्याला सुचलं नाही तर रिसॉर्टवाल्यांनी मिळून लावावा. नावं रामनगरच्या म्हाताऱ्या माणसांना विचारून घ्यावीत, आणि ती माणसं आहेत तोवर घ्यावीत.

आणि तुम्ही, या हिवाळ्यात तिकडे जाणारे वाचक, जरूर जा. तराफ्यात बसा, भिजा, ओरडा. फक्त फोटोखाली दांडेली लिहू नका. सुपा लिहा.