नेमाचे काका

पर्वतीला पायऱ्या १०३. नानासाहेब पेशव्यांनी १७४९ साली वर देवदेवेश्वर बांधला, तेव्हापासून पुणेकर देवाच्या निमित्तानं धापा टाकत आले आहेत. त्यातला एक वर्ग मात्र देवासाठीही येत नाही आणि व्यायामासाठीही नाही. तो नुसता येतो, रोज. हे नेमाचे काका. तळजाईवर, वेताळ टेकडीवर, हनुमान टेकडीवर, जिथे चढ आहे तिथे यांचा एकेक नमुना असतोच.

आमच्या पर्वतीवरचे काका पावणेसहाला पहिल्या पायरीवर असतात. पायात कॅनव्हासचे बूट, थंडीत माकडटोपी, हातात कापडी पिशवी. उतरताना पिशवीत जास्वंदी असतात. त्या कुणाच्या कुंपणावरच्या, हे विचारायचं नसतं. अंगात १९९८ साली निवृत्तीच्या समारंभाला शिवलेली पँट. ती अजून बसते. यात व्यायाम किती आणि चिकटपणा किती, हे आजवर कुणाला वेगळं काढता आलेलं नाही.

मी मे महिन्यात रुजू झालो. साखरेचा रिपोर्ट 'काठावर' आला होता. चार हजारांचे बूट आणि पावलं मोजणारं घड्याळ घेऊन मी पहिल्याच दिवशी दोन फेऱ्या मारल्या आणि तिसरीच्या निम्म्यावर बसकण मारली. काका शेजारून गेले.

"रिपोर्टवाले का?"

त्यांच्याकडे आमचं वर्गीकरण तयार असतं. रिपोर्टवाले, लग्न ठरलेले, जानेवारीवाले. जानेवारीवाले संक्रांतीचा तिळगूळ खाऊन ओसरतात, लग्नवाले अक्षता पडल्या की संपतात. रिपोर्टवाले दुसरा रिपोर्ट चांगला येईपर्यंत टिकतात. म्हणून सहा महिने झाल्याशिवाय काका कुणाचं नाव विचारत नाहीत. "उगीच डोक्यात जागा कशाला अडवायची?"

आठवड्यानं मी छाती काढून सांगितलं, "दीड किलो उतरलं!"

"पाणी असेल ते. दोन दिवस पोटभर भात जेवा, परत येईल."

मी जेवलो. आलं.

मग मी उलटतपासणी घेतली. इतकी वर्षं चढताय, तुमचं वजन किती कमी झालं? काका म्हणाले, "काही नाही. तेव्हा अडुसष्ट, आत्ता अडुसष्ट." मी विजयानं हसणार, तोच ते म्हणाले, "तेवढ्या वर्षांत तुमचं किती वाढलं?"

मराठीत नेम शब्दाचे दोन अर्थ आहेत. मी नेम धरून आलो होतो: तीन महिन्यांत आठ किलो. काकांनी कशावरच नेम धरलेला नाही, त्यांचा नुसता नेम आहे. त्यांच्या खिशात बँकेची फुकटची डायरी असते. तिच्यात वजन नाही, वेळ नाही, फेऱ्या नाहीत. तारखेपुढे फक्त एक टिक. मुलीच्या लग्नादिवशीही टिक आहे. तिकडे गुरुजी 'वधूपित्याला बोलवा' म्हणत होते आणि वधूपिता सत्तराव्या पायरीवर होता. हे त्यांच्या पत्नीनं मला सांगितलं. सांगताना त्या हसत नव्हत्या.

२०२० च्या टाळेबंदीत पर्वती बंद झाली, तर काका सोसायटीचा जिना चढू लागले. जिन्याला पायऱ्या ५२. दोनदा चढलं की १०४ होतात. ती एक जास्तीची पायरी त्यांना फार टोचायची. शेवटी तळमजल्यावरची पहिली पायरी दुसऱ्या खेपेला न मोजता ओलांडायची, असा तोडगा निघाला.

पावसाळाभर मी टिकलो. ऑगस्टपासून गुडघे कुरकुरायचे थांबले, सप्टेंबरात न थांबता वर पोचलो, आणि हे नक्की कुठल्या दिवशी घडलं ते माझ्या घड्याळालाही सांगता आलं नाही. मी मनात नाव विचारलं जाण्याची तारीख धरून ठेवली होती. पाच महिने बारा दिवस झाले आणि दिवाळी आली. फराळ आला, पाहुणे आले, पाहुण्यांबरोबर कोकणात जाणं आलं. तीन आठवडे कसे गेले कळलंच नाही.

परत गेलो तेव्हा काका पहिल्या पायरीवर नाड्या बांधत होते. माझ्या पायांकडे बघून म्हणाले, "छान आहेत. नवीन?"

"छे, बूट मे महिन्यातले आहेत."

"बूट नव्हे," काका उठत म्हणाले, "तुम्ही."